190 ग्रॅमचं पाकीट आणि स्पीड पोस्टचा नवा तक्ता

1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे दर बदलले. त्याआधीचा तक्ता ऑक्टोबर 2012 चा, म्हणजे तब्बल तेरा वर्षं जुना होता. इतक्या वर्षांनी दर वाढले याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण "किती टक्के वाढले?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि लग्नपत्रिकांचे नमुने पाठवणारे छापखाने, छोटे प्रकाशक किंवा कागदी वस्तू विकणारे घरगुती व्यावसायिक नेमके इथेच फसतात. काहींचा खर्च 70 टक्क्यांनी वाढला, तर काहींचा चक्क कमी झाला.

कारण दरासोबत वजनाचे टप्पेही बदलले. पूर्वी 50 ग्रॅमनंतरचा टप्पा 200 ग्रॅमला संपायचा, आता तो 250 ला संपतो. अंतराचीही फोड झाली: आधी 201 ते 1000 किलोमीटर हा एकच पट्टा होता, आता 500 वर तो तुटतो.

190 ग्रॅमचं पाकीट घ्या. पुण्याहून साताऱ्याला ते आधी 35 रुपयांत जायचं, 18 टक्के जीएसटी धरून 41.30. आता 59 अधिक जीएसटी, म्हणजे 69.62. नागपूरला 47.20 चे 80.24 झाले. आता त्याच पाकिटात आणखी दोन नमुने घाला, वजन 240 ग्रॅम करा आणि दिल्लीला पाठवा. आधी 94.40 लागायचे, आता 84.96. दिब्रुगडला तर 106.20 वरून 90.86. शहरातल्या शहरात 190 ग्रॅमला कर सोडून 25 ऐवजी 24 रुपये, म्हणजे एक रुपया स्वस्तच. थोडक्यात, ज्याचं गिऱ्हाईक शेजारच्या जिल्ह्यात किंवा नागपूरसारखं पाचशे ते हजार किलोमीटरवर आहे आणि पाकीट 50 ते 200 ग्रॅमचं आहे, त्याला फटका सगळ्यात मोठा. मराठी मालाचं बहुतेक गिऱ्हाईक तिथेच असतं.

हे सगळे आकडे स्पीड पोस्टच्या डॉक्युमेंट प्रकाराचे आहेत. पार्सलचा तक्ता निराळा. खोक्यात भरलेली वस्तू घेऊन गेलात आणि हिशोब डॉक्युमेंटच्या दराने मांडला असेल, तर काउंटरवर तोंड कडू होणार. कोणत्या प्रकारात बुकिंग होतंय हे पैसे देण्याआधी विचारा, पावती हातात आल्यावर नाही.

आपला हिशोब असा काढा. मागच्या शंभर ऑर्डरींचे पिनकोड घेऊन अंतराच्या पट्ट्यांप्रमाणे ढीग करा. समजा 10 शहरातल्या, 50 दोनशे किलोमीटरच्या आतल्या, 30 दोनशे ते पाचशेमधल्या आणि 10 हजाराच्या पुढच्या, दोन हजाराच्या आतल्या. 190 ग्रॅमला जुना खर्च 4,484 रुपये, नवा 6,844. पाकिटामागे 23.60 जास्त. हा आकडा तुमच्या नफ्याच्या शेजारी लिहून पाहा. शंभर रुपयांच्या मालावर "घरपोच मोफत" लिहिलेलं असेल, तर ते आजच खोडावं लागेल.

एक सोय मात्र झाली आहे. पूर्वी 190 ग्रॅमला कर सोडून जवळ 35 आणि फार लांब 70, म्हणजे दर सरळ दुप्पट व्हायचा, त्यामुळे अंतरानुसार वेगळा टपालखर्च सांगणं भाग होतं. आता शहराबाहेर सगळीकडे 59 ते 77. शहर आणि बाहेरगाव असे दोनच दर ठेवले तरी चालतं, व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला पिनकोड विचारत बसायला नको.

आणि 200 ग्रॅमच्या आत राहायला जे पुठ्ठे काढून टाकले जायचे ते आता परत घाला. 190 आणि 240 ग्रॅमचा दर एकच आहे. पत्रिकेचे कोपरे दुमडून परत येण्यापेक्षा चाळीस ग्रॅमचा पुठ्ठा फुकटात जातोय हे बरं. फक्त 250 ची रेघ ओलांडू नका: नागपूरच्या पाकिटाला 80.24 चे थेट 96.76 होतात. एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो, पण वजन चिकटपट्टी आणि पत्त्याची चिठ्ठी लावून झाल्यावरच करा.

पुस्तकवाल्यांची गोष्ट वेगळी. डिसेंबर 2024 मध्ये छापील पुस्तकांची जुनी सवलतीची रजिस्टर्ड सेवा बंद झाली आणि 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची नवी सेवा आली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, वर कर. 5 किलोला आधी 80 लागायचे. तरीही पुस्तकासाठी हे स्वस्तच पडतं. जातं रस्त्याने किंवा रेल्वेने, म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. नियतकालिकं आणि जाहिराती असलेला मजकूर चालत नाही, त्यामुळे दिवाळी अंक यातून बाद. पुस्तकांची यादी मागच्या पानावर असली तर हरकत नाही.

इथेही रेघ महत्त्वाची, आणि ती छपाईआधीच ठरते. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) एक पान 70 जीएसएम कागदात (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधारण 2.1 ग्रॅम भरतं. 240 पृष्ठं म्हणजे 120 पानं, 253 ग्रॅम. 300 जीएसएमचं कव्हर 19 च्या आसपास. झाले 272. पाकीट 20-25 ग्रॅमचं घेतलं तर 300 च्या आत कसंबसं बसतं. हेच पुस्तक 80 जीएसएमवर छापलं तर पाकिटाशिवायच 309, आणि अख्खी आवृत्ती पुढच्या टप्प्यात. पावसाळ्यात कोकणातल्या गोदामात ठेवलेला कागद ओल धरतो आणि पुस्तकामागे पाच-सात ग्रॅम सहज वाढतात, तेव्हा जुलैत 297 वर विसंबू नका.

जीएसटीचंही बघा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त पुस्तकं विकणाऱ्याला टपालावर भरलेल्या 18 टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे आपल्या कराच्या देण्यातून वजावट, मिळत नाही. तो खर्चच धरायचा. लग्नपत्रिका, डायऱ्या असा करपात्र माल विकणारे नोंदणीकृत व्यावसायिक क्रेडिट घेऊ शकतात, पण बिलावर आपला जीएसटी क्रमांक हवा. नुसत्या काउंटरच्या पावतीवर भागत नाही.

रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. ज्याच्या नावाने पाठवलं त्याच्याच हाती पडायला हवं असेल तर नोंदणी मागायची, त्याचे 5 रुपये अधिक कर. ओटीपी देऊन ताबा घेण्याचेही तेवढेच. महागाच्या मालाला ओटीपी लावा. "मला मिळालंच नाही" हा वाद 5.90 रुपयांत मिटतो. गिऱ्हाइकाचा मोबाइल क्रमांक मात्र बरोबर लिहा, नाहीतर ओटीपी भलत्याच फोनवर जातो आणि पाकीट परत. नवीन घाऊक ग्राहकांना 5 टक्के सूट आहे, तिची चौकशी करा.

जुन्या सूचीपत्रकांवर आणि ऑर्डर फॉर्मवर "टपालखर्च 40 रुपये" छापलेलं असतं. असे गठ्ठे उरले असतील तर त्यावर शिक्का मारा, आणि पुढच्या छपाईत आकडा घालूच नका. "टपालखर्च वेगळा" एवढंच पुरे.