कॉम्प्रेसर विकणं सोडून हवा विकायला घेतली तेव्हा

यंत्राऐवजी दाबाची हवा घनमीटरच्या दराने विकायची ठरली, की पहिला घाम अकाउंट्सला फुटतो. कॉम्प्रेसर गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये, पण पैसे आपले अडकलेले. (कल्पना जुनीच, ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश इंजिन कंपनीने 1962 मध्ये व्हायपर विमान-इंजिनाला तासाचा दर लावला होता.) म्हणून आम्ही रबाळे-तुर्भे पट्ट्यातली तीनच गिऱ्हाइकं धरली. अंधेरीहून तळोज्याला माणूस पोचेपर्यंत अर्धी पाळी संपते.

माणसांची फेरमांडणी सर्वांत अवघड गेली. सेल्सचं इन्सेंटिव्ह ऑर्डरवर होतं, त्यामुळे गरजेपेक्षा मोठं यंत्र खपवण्याकडे कल. ते अर्धं ऑर्डरवर, अर्धं गिऱ्हाइकाकडचा हवेचा मीटर बारा महिने चालल्यावर केलं. कुरकुर झाली, पण साइजिंग सुधारलं. ब्रेकडाउनला पळणारे दोन सर्व्हिस इंजिनिअर कायमचे या गिऱ्हाइकांना दिले. सेपरेटर, ऑइल फिल्टर, इनटेक व्हॉल्व्ह किट आणि टेंपरेचर सेन्सर हा साठा फॅक्टरीतून काढून रबाळ्याच्या छोट्या गाळ्यात ठेवला.

सगळं भांडण मीटरवर होतं. थर्मल फ्लोमीटर (हवेचा प्रवाह मोजणारा मीटर) ड्रायरच्या, म्हणजे हवेतलं पाणी काढणाऱ्या यंत्राच्या, आधी बसवला तर पाण्याचे थेंब सेन्सरवर आपटून आकडा भलताच दाखवतो. जुलैच्या दमट हवेत तर विचारूच नका. तो ड्रायरनंतर, आणि त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या किमान 20 पट सरळ पाइप हवा. दोन इंची लाइनला म्हणजे एक मीटर. जुन्या शेडमध्ये तेवढी मोकळी भिंत मिळाली तर नशीब, नाहीतर पाइपिंगचा खर्च आपल्याच अंगावर.

मीटरच्या पुढची गळती गिऱ्हाइकाची, हे करारात स्पष्ट लिहावं. 7 बार (बार हे दाबाचं एकक) दाबाला 3 मिमीच्या भोकातून मिनिटाला 600 लिटरच्या आसपास हवा जाते. यंत्रावर चारेक किलोवॉटचा भार. पण वीजबिल कोण भरतं, यावर आपली नियत ठरते. गिऱ्हाईक भरत असेल तर ऑपरेटर खुशाल दाब चढवून ठेवतो, आणि 1 बार चढवला की वीज 6-7 टक्के जास्त. म्हणून सेट प्रेशर आमच्या हातात आणि प्रति घनमीटर किती युनिट वीज लागेल याची हमी, अशी अदलाबदल केली. किमान खपाचं कलम मात्र सोडू नका. दिवाळीत आठवडाभर प्लांट बंद राहतो, बँकेचा हप्ता राहत नाही.