जुनं ओमेगा घ्यावं का? झाकण उघडून ठरवा

जुनं ओमेगा सीमास्टर घड्याळ समोर आलं की बहुतेक जण आधी विचारतात, "चालू आहे का?" माझ्या मते हे सगळ्यात शेवटी विचारावं. तेल सुकून बंद पडलेलं मशीन (घड्याळाच्या आतली यंत्रणा) साफसफाई आणि तेलपाण्याने पुन्हा उभं राहतं. गंजलेली हेअरस्प्रिंग (ठोके नियमित ठेवणारी बारीक स्प्रिंग), पुन्हा रंगवलेली डायल (तबकडी) आणि पॉलिश करकरून झिजवलेली केस (घड्याळाचं धातूचं कवच) मात्र कितीही पैसे ओतले तरी मूळपदावर येत नाही.

विकणारा झाकण उघडू देत नसेल, तर सौदा तिथेच सोडावा. स्क्रूचं झाकण रबरी बॉल दाबून फिरवला की बहुधा सुटतं. आतला क्रमांक वाचा. 1960 च्या दशकातल्या ओमेगात 165 ने सुरू होणारा क्रमांक बिनतारखेच्या ऑटोमॅटिकचा (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाचा), 166 तारखेच्या ऑटोमॅटिकचा आणि 168 तारखेच्या क्रोनोमीटरचा (अचूकतेच्या चाचणीत उतरलेल्या घड्याळाचा). झाकणात 165 आणि डायलवर तारखेची खिडकी, असं दिसलं तर दोन घड्याळांचं एक केलंय असा संशय घ्या. मशीनवर 565 हा क्रमांक कोरलेला असेल, तर चावी (बाजूचं फिरवायचं बटण) शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढल्यावर दरवेळी तारीख एक घर पुढे सरकायला हवी. झाकणाच्या आत ताजे गोलाकार ओरखडे असतील, तर रोटर (चावी भरणारं फिरतं वजन) ज्यावर फिरतो ते बुश झिजलंय आणि रोटर झाकणाला घासतोय.

आता गंज. पाणी बहुतेक वेळा चावीच्या नळीतून शिरतं, म्हणून गंजाची सुरुवात स्टेम (चावीचा दांडा) आणि त्याच्या आजूबाजूच्या पोलादी भागांपासून होते. स्टेम बाहेर काढून 10 पटीच्या भिंगाखाली बघा. वरवरचा तांबूस डाग चालेल, पण खड्डे पडले असतील तर गंज आत बॅलन्सपर्यंत (मागे-पुढे झुलून ठोके देणाऱ्या चाकापर्यंत) गेलाय का ते तपासल्याशिवाय बोली लावू नका. कोल्हापुरात 2019 आणि 2021 च्या महापुरात भिजलेलं घड्याळही समोर येऊ शकतं. पट्ट्याच्या पिनांची भोकं आणि काचेच्या कडेखालची फट बघा. बारीक गाळ तिथे अडकून राहतो.

डायलला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण किंमत तिच्यावर ठरते. सहाच्या खालची 'स्विस मेड' ही ओळ भिंगातून वाचा. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड किंवा वाकडी येतात, मिनिटांच्या रेघा खुणांच्या नेमक्या समोर येत नाहीत. वयानुसार आलेला पिवळेपणा किंवा बारीक ठिपके मला नव्या रंगापेक्षा केव्हाही चांगले वाटतात. 1960 च्या आधीच्या घड्याळात काट्यांवर रेडियम असू शकतं. ते खरवडू नका, त्याची धूळ छातीत जाणं धोक्याचं आहे.

केस बाजूने बघा. चारही शिंगांची (पट्टा बसतो त्या टोकांची) जाडी सारखी आणि कडा धारदार हवी. गुजरीतले (कोल्हापूरच्या सराफ बाजारातले) कारागीर दागिन्याला झळाळी आणण्यात तरबेज आहेत, पण बफवर धरलेल्या स्टील केसच्या कडा गोल होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. 20 मायक्रॉनचा सोन्याचा मुलामा शिंगांच्या टोकाला उडून पितळ दिसत असेल, तर नवा पातळ मुलामा फार टिकत नाही.

मशीन चालत असेल तर पूर्ण चावी देऊन टायमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवा. 565 चे ठोके तासाला 19800. यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) त्या मशीनचाच टाका, नाहीतर अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका किती अंशांचा ते) चुकीचं दिसतं. डायल वर ठेवून 270 ते 300 अंश उत्तम. 210 असेल आणि यंत्राच्या पडद्यावरची रेषा सरळ असेल तर बहुधा तेल सुकलंय, घाबरायचं कारण नाही. पण उभं धरल्यावर 60 अंशांहून जास्त घसरलं तर बॅलन्स स्टाफची (बॅलन्सच्या आसाची) टोकं झिजल्याचा संशय घ्या. झाकण खोलायचं हत्यार कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर बनवून मिळेल, बॅलन्स स्टाफला मात्र घड्याळाची बारीक लेथ आणि तसा हात लागतो. कंपन्या बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग सहजी देत नाहीत, त्यामुळे अख्खा बॅलन्स हवा असेल तर दुसरं मशीन फोडावं लागतं.

किंमत अशी काढा: त्याच क्रमांकाच्या मूळ अवस्थेतल्या, सर्व्हिस झालेल्या घड्याळाचा भाव घ्या. त्यातून सर्व्हिसिंग, मेनस्प्रिंग (घड्याळाला ताकद देणारी मुख्य स्प्रिंग), काच, चावी आणि गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) यांचा खर्च वजा करा. शिवाय अजून न दिसलेल्या एका बिघाडासाठी एका दात्या मशीनची (सुटे भाग काढायला घेतलेल्या मशीनची) किंमतही वजा करा. उरलेल्या रकमेच्या वर जायचं नाही. घेतलंच, तर सर्व्हिसिंग होईपर्यंत चावी देऊन मनगटावर मिरवू नका; सुकलेल्या तेलात चाललेला प्रत्येक तास पिव्हट (चाकांच्या आसांची बारीक टोकं) खातो.