बोर्डवाल्याची माफी आणि पॅचची कड

मागच्या वेळी मी माझ्या अँटेनाचा सर्किट बोर्ड करून देणाऱ्या बोर्डवाल्याला बरंच बोललो होतो. अवकाशातल्या हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झसाठी काढलेला ४८.३ मिमीचा पॅच (बोर्डवरचा तांब्याचा सपाट तुकडा, हीच अँटेना) नॅनोव्हीएनए या मोजायच्या छोट्या यंत्रावर १४८६ ला डिप देत होता, म्हणजे तिथे सूर धरत होता, आणि एफआर-४ चा, म्हणजे बोर्डच्या फायबरग्लास मटेरियलचा, एप्सिलॉन (आत लाट किती आखूड होते ते ठरवणारा आकडा) विचारला की हा गृहस्थ डेटाशीट न उघडताच "चार पॉइंट चार, साहेब" म्हणायचा. म्हटलं, मटेरियलच भलतं असणार. तर मंडळी, शब्द मागे घेतो. घोळ माझ्या मेशमध्ये होता, म्हणजे कॉम्प्युटरवर अँटेनाचं गणित करताना जागेचे छोटे सेल पाडणाऱ्या जाळीत.

ओपनईएमएस या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये मी नियमानेच चाललो होतो. गणितात सोडायच्या पल्सची वरची टोकाची फ्रिक्वेन्सी १९२० मेगाहर्ट्झ धरली (मधली नव्हे, इथे नवखे हमखास फसतात), तिच्या तरंगलांबीला (लॅम्डा) एप्सिलॉनच्या वर्गमुळाने भागलं, त्याचे वीस भाग केले. सेल ३.७६ मिमीचा. बोर्डच्या जाडीत चार सेल. डिप बरोब्बर १४२० ला आला आणि मी खूश.

परवा सहज तोच पॅच वेगवेगळ्या मेशवर चालवला. लॅम्डा भागिले १० ला १३५२, २० ला १४२०, ३० ला १४४१, ४० ला १४५१. म्हणजे डिप कुठे थांबतच नव्हता, वर वर सरकत होता. २० वर हवं ते उत्तर मिळालं म्हणून मी तिथेच थांबलो होतो.

लॅम्डाचा हिशोब लाटेपुरता ठीक. पण पॅचच्या कडेला फील्ड एक-दोन मिलिमीटरमध्ये उभं चढतं, त्याला तरंगलांबीशी काही देणंघेणं नाही. त्यात माझी कड नेमकी मेशच्या रेघेवर. अशा वेळी गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरला पॅच प्रत्येक बाजूने साधारण तृतीयांश सेल मोठा दिसतो. दोन्ही बाजू धरून अडीच मिमी. पन्नास मिमीच्या पॅचला हे पाच टक्के झाले, आणि माझी चूकही तेवढीच!

मग एक-तृतीयांशचा नियम लावला: कडेपाशी सेल पाव केला, एक रेघ तृतीयांश आत, दुसरी दोन-तृतीयांश बाहेर. उत्तर १४८२. बोर्ड १४८६. दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून मी बराच वेळ नुसता बघत बसलो, चहा निवला.

आनंद एक रात्र टिकला. दुरुस्त केलेला ५०.७ मिमीचा पॅच रनला लावून झोपलो, सकाळी बघतो तर सोडलेल्या पल्सची एनर्जी अजून उणे ११ डीबीवर (ती पुरती विरेपर्यंत रन संपत नाही). टाइमस्टेप, म्हणजे गणित एका पावलात पुढे सरकतं तो वेळ, सव्वा पिकोसेकंदाच्या आसपास हवा, तो ०.०६७ झालेला. दोन तास एकेक रेघ तपासली. पॅचला केबल जोडणाऱ्या पिनची रेघ आणि मेश गुळगुळीत करताना आलेली एक रेघ यांच्यात ०.०२ मिमीचं अंतर! सर्वात लहान सेलवर टाइमस्टेप ठरतो, त्यामुळे एका चिंचोळ्या सेलपायी सगळं गणित अठरा पट लांबलं. त्यात लाइट गेली आणि इन्व्हर्टरने मान टाकली. आता रनआधी रेघा क्रमाने लावून सर्वात लहान फरक छापणारी एक ओळ घातली आहे. कोणतंही महागडं सॉफ्टवेअर घ्या, ही ओळ आधी घाला.

हा बोर्ड आज करायला देणार होतो. पण लिहिता लिहिता विचार बदलतोय. एफआर-४ चा लॉस टँजंट (मटेरियल सिग्नल किती खातं त्याचा आकडा) ०.०२ च्या घरात, आणि हायड्रोजनचा क्षीण सिग्नल एलएनएच्या, म्हणजे पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, आधीच त्यात जिरवायचा? इथून पुण्याकडे जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश आहेत, त्यांना एकवेळ परवडेल, माझ्या गच्चीला नाही. त्यापेक्षा हवेवरचा पॅच करावा, म्हणजे खाली एफआर-४ ऐवजी नुसती हवा. एप्सिलॉन १, सेल थेट ७.८ मिमीचा. कडेचा नियम मात्र तोच राहील, आणि पॅच दुपटीने मोठा होईल.

भांडी बाजारात फोन करून तांब्याचा अर्ध्या मिमीचा पत्रा विचारला. पलीकडून प्रश्न आला, "बंब करायचाय का?"