गुडइयरचा पत्रा

परभणीहून जिंतूरकडं निघालं की गाव सरता सरता डाव्या हाताला एक लिंब होता, त्याखाली आमचं पंक्चरचं दुकान. समोरच्या पाटीवर पेंटरनं 'व्हल्कनायझिंग', म्हणजे रबर तापवून काढायचं गरम पंक्चर, याचं 'ओल्कनायझिंग' असं लिहून ठेवलेलं, ते शेवटपर्यंत कुणी दुरुस्त केलं नाही. मागची भिंत म्हणजे टायरच्या जाहिरातीचा एक जुना पत्रा. त्यावर गुडइयर हे नाव, आणि अण्णांची त्या नावावर फार श्रद्धा. "लय मोठा साहेब असंल बघ," म्हणायचे. "पार वाळूजला कारखाना हाय त्येचा."

वाळूजला कारखाना आहे, खरंय. पण साहेब 1860 सालीच वारला. कंपनी निघाली ती त्याच्यानंतर 38 वर्षांनी, अमेरिकेतल्या अॅक्रन गावात. काढणारा फ्रँक सायबरलिंग, त्याचा आणि गुडइयर घराण्याचा काही संबंध नाही. नाव तेवढं मानानं घेतलं.

हे मी कुठं तरी वाचलं आणि एका दुपारी अण्णांना सांगत बसलो. मे महिना, गिऱ्हाईक नाही, लिंबाखालीसुद्धा झळा.

चार्ल्स गुडइयर 1800 चा, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. फिलाडेल्फियात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, ते उधारीनं बसलं. तिथं मी थांबलो, कारण अण्णा हसले. उधारीनं दुकान कसं बसतं हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

1834 साली तो न्यूयॉर्कमध्ये एका रबर कंपनीच्या दुकानात गेला. पाण्यात तरंगायला बांधतात तो हवेचा पट्टा त्यानं तिथं बघितला आणि त्याची झडप सुधारून परत घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, झडपेचं काय घेऊन बसलास, रबराचंच बघ. त्या काळी रबराचे बूट निघाले होते खरे, पण थंडीत ते लाकडासारखे कडक व्हायचे आणि उन्हाळ्यात वितळून चिकट, घाण वासाचा लगदा. अण्णांना हे लगेच पटलं. मे महिन्यात सोल्युशनचं थंड पंक्चर काढलं की डांबर तापल्यावर पॅच कसा सरकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तिथून त्या माणसाला जे वेड लागलं ते मरेपर्यंत. कर्जापायी तुरुंगात गेला, तर बायकोकडून कच्चं रबर आणि तिचं लाटणं मागवून घेतलं आणि कोठडीत रबर लाटत बसला. मॅग्नेशिया मिसळून बघितला, चुना बघितला, नायट्रिक अॅसिड बघितलं. अॅसिडनं रबर छान गुळगुळीत झालं म्हणून सरकारी टपालाच्या दीडशे पिशव्या बनवायचं काम मिळालं. पिशव्या टांगून ठेवल्या आणि उन्हाळ्यात त्या आपोआप गळायला लागल्या. अॅसिडचा गुण नुसता वरच्या कातडीला लागला होता.

"वरून भाजली, आतून कच्ची," अण्णा म्हणाले. भाकरीबद्दल म्हणतात तसंच.

मग नॅथॅनिएल हेवर्ड नावाचा माणूस भेटला. तो रबरात गंधक मिसळायचा. गंधक म्हणजे आपल्याकडं द्राक्षाच्या भुरीवर मारतात तेच. 1839 साली गंधक मिसळलेलं रबर गुडइयरच्या हातून तापलेल्या शेगडीवर पडलं आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखं करपलं. गोष्ट सगळीकडं इथंच संपवतात, योगायोगानं शोध लागला म्हणून. मला त्याचा राग येतो. करपलेल्या कडेला एक लवचीक पट्टी उरली होती, ती त्याला दिसली कारण पाच वर्षं तो तेवढंच बघत होता. आणि खरं काम तिथून पुढचं: किती ऊब, किती वेळ? बायकोच्या भट्टीत भाजलं, भांड्यात उकळलं, तापल्या वाळूत पुरलं, वाफेवर ठेवलं. या काळात घरात खायला नसायचं. मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली. सहा लेकरं लहानपणीच गेली.

कच्चं रबर म्हणजे परातीतल्या ओल्या शेवया, एकमेकींवरून घसरणाऱ्या. गंधक आणि उष्णता मिळून त्यांना जागोजागी गाठी मारतात, म्हणून ताणलं तरी पुन्हा जागेवर येतं. अण्णा रोज हेच करायचे. ट्यूब कानशीनं घासायची, कच्च्या रबराची पट्टी लावायची, प्रेस आवळायची, खालची तबकडी तापवायची. तबकडीवर थुंकीचा थेंब टाकून चर्र वाजतं का बघायचे, आणि वेळ मोजायचे बिडीवर. एक बिडी संपली की सोडायचं. घड्याळ कधी लावलं नाही.

"मंग पैका झाला आसंल त्येला."

पेटंट मिळालं 1844 मध्ये, नंबर 3633. पण इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनं त्याच्या आधीच अर्ज टाकला होता. अमेरिकेत होरेस डे नावाचा माणूस खुशाल त्याच्याच पद्धतीनं माल काढायचा. त्याच्यावरचा 1852 चा खटला गुडइयर जिंकला, पण वकील डॅनियल वेब्स्टरला 15,000 डॉलर मोजून. नंतर पॅरिसच्या प्रदर्शनात सगळं रबराचं मांडलं आणि कर्जापायी तिथल्याही तुरुंगात बसला. फ्रान्सच्या बादशहाचा मानाचा क्रॉस त्याला त्या तुरुंगातच मिळाला. 1860 साली आजारी मुलीला भेटायला निघाला, न्यूयॉर्कला पोचला तर ती गेल्याचं कळलं. तिथंच कोसळला. मागं कर्ज सुमारे दोन लाख डॉलर.

अण्णा बराच वेळ पत्र्याकडं बघत होते. मग म्हणाले, "आन् त्येची बायकू काय म्हणायची?"

तिचं नाव क्लॅरिसा, एवढंच मला सांगता आलं. लाटणं तिचं, भट्टी तिची, लेकरं तिची. मी वाचलेल्यात तिचं म्हणणं कुठं नव्हतं.

"मग मला नको सांगू," म्हणाले, आणि उठून कॉम्प्रेसर चालू केला. हवा भरायला कुणीच नव्हतं.

आता ट्यूबलेसचं राज्य आहे. भोकात दोरी कोंबतात, दोन मिनिटांत मोकळे. अण्णा गेल्यावर मी दुकान काढून टाकलं. पत्रा भंगारात देताना जीवावर आलं, पण दिला. प्रेस तेवढी ठेवली, आणि उधारीची वही. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात आहे: ट्रॅक्टरची मागली ट्यूब, गरम, 2 जागी. तूर आल्यावर.