स्प्रिंगला पाणी नाही, तेल

हिंगणघाटच्या पुढं आमच्या गावात माझं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे. मृगाच्या आधी वखराच्या पासा, तिफणीचे फण, ट्रॉलीचे हूक यांचा ढीग पडतो. स्प्रिंगचं काम मधूनमधून येतं. कधी कडबा कुट्टीच्या वरच्या रोलरची, कधी फवारणी पंपाच्या मुठीची. गिऱ्हाइकाचं म्हणणं मात्र ठरलेलं: "भाऊ, लय कडक पाहिजे. चांगलं पानी देऊन देजा."

पाणी देणं म्हणजे लाल तापवलेलं पोलाद एकदम बुडवून कडक करणं. पण त्यानं स्प्रिंग दाबायला जड होत नाही. पोलादाचा ताठपणा भट्टीनं बदलत नाही. मऊ तार आणि कडक तार थोड्या वजनाखाली सारखीच वाकतात. वजन वाढलं की फरक कळतो. मऊ तार तिथंच बसते, दुसरी परत येते. जड स्प्रिंग हवी तर तार जाड घ्यायची. घेर आणि वेढे तेवढेच ठेवून 4 मिलिमीटरऐवजी 5 मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ अडीच पट जड होते, कारण इथं जाडीचा चौथा घात लागतो. हे ऐकून एका काकांनी विचारलं, "मंग भट्टी कायले पेटवता?" परत यावी म्हणून, काका.

पियानो वायर, म्हणजे स्प्रिंगसाठी मिळणारी कडक पोलादी तार, असेल तर भट्टी पेटवतच नाही. त्या तारेची ताकद ती थंड ओढताना आलेली असते. लाल केली की गेली. लेथवर सळईभोवती थंडच गुंडाळायची. सळई हव्या त्या मापापेक्षा बारीक घ्यायची, कारण सोडल्यावर वेढे उघडतात. मग गुंडाळताना आलेला ताण निघावा म्हणून अर्धा तास 250 अंशांवर. घरचा केकचा ओव्हन बरोबर तिथपर्यंत जातो. घरातल्यांची परवानगी आधी काढावी; तेलकट तारेचा वास दोन केकांपर्यंत टिकतो.

भट्टी लागते ती भंगारातल्या ट्रकच्या पाट्यापासून चपटी स्प्रिंग करताना. पाटा तापवून, ठोकून, हव्या त्या आकाराची पट्टी काढायची, कडा कानसून गुळगुळीत करायच्या. कडेवर एक ओरखडा राहिला तरी पुढं तिथूनच तुटते. मग परत तापवायची. मे महिन्यात आमच्याकडच्या उन्हात लोखंडाचा रंग ओळखणं म्हणजे डोळ्यांची थट्टा, म्हणून हे काम मी दिवेलागणीला, शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात करतो. सोबत चुंबक. 770 अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं. पाट्याच्या पोलादाला त्याहून बरंच पुढं, 850 च्या वर, न्यावं लागतं. चुंबक सुटल्यावर रंग आणखी उजळून नारिंगीकडं झुकला की थेट तेलात.

विळ्याला पाणी चालतं, पण पाट्याचं पोलाद पाण्यात तडकू शकतं. जळकं इंजिन ऑइल मी सोडून दिलं. धूर फार आणि वास नको तसला. सरकीचं तेल वापरतो. तेल कोमट, साधारण 50-60 अंश असावं, म्हणजे पातळ होऊन पट्टीला सगळीकडून सारखं भिडतं. उन्हाळ्यात फारसं तापवावंही लागत नाही, डबा बाहेर उन्हात ठेवला की निम्मं काम झालं.

आता पट्टीवर कानस घसरते. या अवस्थेत ती काचेसारखी असते, खाली पडली तर दोन तुकडे. म्हणून लगेच उतार द्यायचा, म्हणजे पुन्हा बेतानं तापवून ठिसूळपणा घालवायचा. साधं कार्बनचं पोलाद असतं तर घासून चकचकीत करून वाळूच्या तव्यावर ठेवलं असतं. पिवळट, तपकिरी, जांभळा, आणि 300 च्या सुमारास निळा आला की उचलायचं. पाट्याच्या पोलादाला 450 च्या आसपास उतार लागतो, तिथं हे रंग संपून गेलेले असतात. मग जुन्या कारागिरांची रीत: पट्टी तेलात बुडवायची आणि मंद आचेवर धरायची, अंगावरचं तेल आपोआप पेटून जळेपर्यंत. असं दोनतीनदा. हे उघड्यावर करायचं, आणि तेलाच्या डब्यावर झाकण ठेवूनच.

शेवटी व्हाइसमध्ये पूर्ण दाबून रात्रभर ठेवतो. सकाळी बाक थोडा उतरलेला असतो, त्याची चिंता नाही. दुसऱ्यांदा दाबून पुन्हा मोजायचा. तेव्हाही उतरला तर पट्टी परत भट्टीत.