बोरी नदीच्या पाण्यातून पाहिलेला नळदुर्ग

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण लातूरहून नळदुर्गला गेलो: आई, अण्णा, आम्ही दोघे आणि दोन्ही मुले. तुळजापुरात भवानीचे दर्शन घेतले, घरून बांधून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच एका झाडाखाली बसून खाल्ली आणि साडेअकराच्या सुमारास किल्ल्यात शिरलो. हा किल्ला मी याआधी दोनदा पाहिला होता, एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा भर पावसाळ्यात, नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत असताना. या वेळी मात्र ठरवून गेलो होतो ते बोटीसाठी, आणि त्याहूनही अण्णांसाठी. पाटबंधारे खात्यात कालव्यावर आणि बंधाऱ्यांवर त्यांची सारी नोकरी झाली. पण नळदुर्गचे चारशे वर्षांचे धरण त्यांनी पाण्याच्या बाजूने कधी पाहिलेले नव्हते.

आई बोटीत बसायला तयार नव्हती. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने विहीर, आड, बोअर, टँकर आणि नळ पाहिले. पाण्यावर बसून कुठे जाण्याचा प्रसंग तिच्यावर आला नव्हता. "मी हितंच बसते, तुमी या फिरून," असे ती तीनदा म्हणाली. शेवटी नातीने हात धरला, तेव्हा तिने पदर खोचला, बोटवाल्याने दिलेले लाइफ जॅकेट लुगड्यावरून चढवले आणि जीव मुठीत धरून मधल्या फळीवर बसली. बोट काठापासून सुटल्यावर थोड्या वेळाने तिने कनवटीची पुडी सोडली आणि तुळजापूरहून आणलेल्या हळदीकुंकवाची चिमूट पाण्यात सोडून हात जोडले. मुलगा शेजारी ओंजळीने पाणी उडवू लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरून खाली ठेवला आणि पाणी असे उडवायचे नसते, एवढेच सांगितले. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेत पहाटे चारपासून घागरी मांडणारी हीच आई होती. त्या दिवसांत घरातले भांडी धुतलेले पाणीही ती तुळशीला घालीत असे.

बोटीतून किल्ला निराळाच दिसतो. दरवाजातून आत गेले की आपण तटबंदी, बुरूज, तोफा पाहत फिरतो आणि पाणी महाल हे त्या फेरीतले शेवटचे आकर्षण ठरते. पाण्यावरून मात्र आधी नदी दिसते आणि मग तिच्याभोवती बांधत नेलेला किल्ला दिसतो. बोरी ही पुढे अक्कलकोटकडे जाऊन भीमेला मिळणारी लहान नदी आहे. उन्हाळ्यात तिच्या पात्रात दगडच जास्त दिसतात. त्या नदीला किल्ल्याच्या कुशीत अडवून तिचे पाणी वर्षभराच्या उपयोगाला आणि संरक्षणाला एकाच वेळी लावायचे, हा विचार ज्यांनी केला त्यांना या मुलखाची तहान पुरती ठाऊक असली पाहिजे. एका अंगाला मुख्य किल्ला, समोरच्या टेकडीवर रणमंडळ हा छोटा किल्ला, आणि दोहोंना जोडणारी धरणाची भिंत, अशी ही रचना आहे. त्यामुळे ही भिंत धरणही आहे, सैनिकांच्या जाण्यायेण्याची वाटही आहे आणि तटही आहे. बहमनी आणि पुढे आदिलशाही अमलात किल्ला वाढत गेला. धरण मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातले, १६१३ सालचे, आणि ते बांधणाऱ्याचे नाव मीर मुहम्मद इमादीन असे सांगितले जाते.

भिंतीजवळ आल्यावर अण्णांनी बोटवाल्याला मोटर बंद करायला सांगितली. बोट हळूहळू तरंगत भिंतीला समांतर गेली आणि अण्णा एक शब्द न बोलता दगडांच्या थरांवरून नजर फिरवत राहिले. काळे घडीव दगड, मधले बारीक सांधे, पाण्याची पातळी चढल्या-उतरल्याने उमटलेले पांढुरके पट्टे, आणि एका सांध्यातून उगवलेले पिंपळाचे वीतभर रोप. त्या रोपाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे आत्ताच उपटाया पायजे. मूळ आत गेलं की दगड सरकतो." नोकरीत असताना दर पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्यावरची झुडपे काढून घेण्यासाठी ते मजुरांच्या मागे लागत, ते मला लहानपणापासून आठवते.

नंतर आम्ही भिंतीच्या पोटातल्या पायऱ्या उतरून पाणी महालात गेलो. धरणाच्या जाडीतच ही दालने काढली आहेत. एका बाजूला साठलेले पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल पात्राकडे उघडणारी खिडकी, यांच्यामध्ये माणूस कोरडा उभा राहतो. वरच्या बाजूचे बोरी धरण भरून पाणी सुटले की ते दोन्ही सांडव्यांवरून खाली कोसळते आणि खिडकीत बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून धार जाते, तरी आत पाणी शिरत नाही. आम्ही गेलो तेव्हा सांडवे कोरडे होते. मुले त्यामुळे हिरमुसली. अण्णांना मात्र तीच संधी वाटली, कारण धबधबा चालू असताना बांधकाम पाहता येत नाही. त्यांनी आतल्या भिंतीला तळवा लावून तीन-चार ठिकाणी ओल तपासली आणि तळहात मला दाखवला. तो कोरडा होता. महालात फारसी शिलालेख आहे. तो पाहिल्यावर मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, असा त्याचा आशय सांगतात. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला आपल्या कामाचा एवढा अभिमान वाटावा, हे मला अगदी योग्य वाटते.

उपळी बुरूज आम्ही घाईने पाहिला. वरच्या लांबलचक तोफांवर मुलांचे फोटो काढले, सभोवारची पसरट काळी शिवारे डोळे भरून पाहिली आणि उतरलो. १८५३ मध्ये हा जिल्हा निजामाकडून इंग्रजांकडे आला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी येथेच राहून कारभार पाहत असे, हे मी मुलीला सांगितले. तिला मात्र किल्ल्यात माणसे पाणी कुठून भरत होती एवढेच विचारायचे होते, आणि त्याचे उत्तर आजोबांनी तिला बोट दाखवून दिले.

निघताना अण्णांनी बोटवाल्याला पिंपळाच्या त्या रोपाची जागा पुन्हा नीट समजावून सांगितली, तिसऱ्या थरावर, सांडव्याच्या अलीकडे. रणमंडळाकडे जायला वेळ उरला नाही. पुढच्या भाद्रपदात बोरी धरण भरल्याची बातमी आली की त्या बाजूने यायचे ठरले आहे, आणि आईने गाडीत बसता बसताच मला बजावले आहे की तेव्हाही आधी बोटच धरायची.