श्यामची आई मोठ्याने वाचताना कंटाळा येतो, त्याचं काय करायचं

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे पुस्तक आजीच्या कपाटातून निघतं. मुलांच्या कानावर थोडं मराठी पडावं म्हणून रात्री मोठ्याने वाचायला घेतलं जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाचणाराच जांभया देऊ लागतो. वर अपराधी वाटतं ते वेगळंच, कारण साने गुरुजी कंटाळवाणे वाटले असं म्हणायची आपल्याकडे सोय नाही. पण कंटाळा खरा आहे, आणि त्याचं कारण पुस्तकाच्या घडणीत आहे.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक. प्रकरणं ४२, प्रत्येक म्हणजे एक रात्र. मोठा झालेला श्याम प्रार्थनेनंतर आश्रमातल्या सोबत्यांना आठवण सांगतो. म्हणजे ऐकणारे जाणते. म्हणून आधी आश्रमातलं बोलणं येतं, मग आठवण, आणि तिच्यात जागोजागी श्यामचं चिंतन. मोठ्याने वाचताना मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात, तेव्हा १,५०० शब्दांच्या प्रकरणाला तेरा-चौदा मिनिटं लागतात. सहा-सात वर्षांचं मूल त्यातली आठ-दहा मिनिटं मन लावून ऐकतं, आणि तीच आश्रमात खर्ची पडतात.

म्हणून प्रकरण दुपारी मनात वाचून घ्यावं, हातात पेन्सिल ठेवून. आठवण सुरू होते तिथे खूण करायची आणि वाचन तिथूनच सुरू करायचं. ओळीने तीन-चार उद्गारचिन्हं दिसली की तो परिच्छेद बहुधा चिंतनाचा. तो सोडला तरी गोष्ट अडत नाही. आईचं बोलणं मात्र कापू नये. ‘थोर अश्रू’मध्ये पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं आई सांगते. ते वाचून थांबावं. त्यावर आपलं भाष्य जोडलं की मूल उठून पाणी प्यायला जातं.

दुसरी गडबड आवाजाची. १९५३ च्या अत्र्यांच्या चित्रपटातली आई आपल्या डोक्यात बसलेली असते (ती वनमालाबाईंनी केली, आपल्या ग्वाल्हेरच्याच). मग प्रत्येक वाक्य गहिवरून वाचलं जातं. पुस्तकातली आई तशी नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती फोकाने झोडपून बाहेर काढते. तिथे आवाज कडकच हवा, नाहीतर नंतरची माया उमटतच नाही. वाचणाऱ्याने रडवेलं होणं हा माझ्या मते या पुस्तकावरचा सगळ्यांत मोठा अन्याय आहे.

क्रमानेच वाचलं पाहिजे असंही नाही. ‘अळणी भाजी’पासून सुरू करावं: भाजीत मीठ नाही, वडील त्याबद्दल काही न बोलता जेवून उठतात. मुलांना हे लगेच कळतं, हसूही येतं. मग पोहणं, मग ‘मुकी फुले’. ‘पत्रावळ’ वाचण्याआधी पळसाची पाच-सहा पानं आणि चोया (पानं टाचायच्या बारीक काड्या) आणून एक टाचून बघावी. बाजारातली मशीनवर दाबलेली पत्तल दाखवून श्यामची फजिती कळत नाही. पहिल्याच रात्रीचं ‘सावित्री-व्रत’ वटपौर्णिमेच्या आसपास काढावं. इथे शेजारच्या हिंदी घरांत हाच वड अमावास्येला, म्हणजे पंधरा दिवस आधी पुजला जातो, त्यामुळे सूत गुंडाळलेला वड मुलांनी पाहिलेला असतो. आजारी आईच्या वतीने प्रदक्षिणा घालायला श्याम का लाजतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

सोवळं, माजघर, पडवी हे शब्द आले की वाचन थांबवून अर्थ सांगू नये. वाचायच्या आधी दोन-तीन शब्द बोलता बोलता वापरून ठेवावेत, बाकीचे ओळीच्या ओघात कळतात. मूल स्वतः वाचू लागलं तर ‘चूल’ आणि ‘जातं’ हिंदीच्या च-ज ने वाचणार. दर शब्दाला टोकू नये. पुढच्या वेळी आपण तो नीट म्हणावा, बस.

कर्ज, अब्रूचे धिंडवडे, आईचं आजारपण आणि मृत्यू हा शेवटचा भाग मात्र झोपायच्या वेळी लहानांना वाचू नये. दहा-अकरा वर्षांचं झाल्यावर ते मुलाला स्वतःलाच वाचू द्यावं, दिवसा, आणि मागून ‘कसं वाटलं?’ विचारत बसू नये.